मदत हवी आहे: शाळा सोडून स्पीच थेरपिस्ट व्हायचंय, वय ४३

राजारामपुरीची_बाई: कोल्हापुरात खासगी प्राथमिक शाळेत शिकवते. आता स्पीच थेरपिस्ट व्हायचंय, तर कोर्स कुठला, कुठं आणि किती वर्षांचा तेवढं लवकर सांगा, शाळेला कळवायचंय. वर्गात एक पोरगं 'क'च्या जागी 'त' म्हणतंय, काकूला 'तातू', वाचायला उभं केलं की बाकीची हसतात आणि ते पुस्तकात तोंड घालून बसतंय. मला त्याच्यासाठी काहीच करता येत नाही याचा लई त्रास होतोय.

कानसेन_पुणे: बारावी कशातून?

राजारामपुरीची_बाई: बीए बीएड, मराठी.

कानसेन_पुणे: ताई, बारावी विचारली.

राजारामपुरीची_बाई: आर्ट्स. त्याचा इथं काय संबंध?

पन्हाळकर: एवढं कशाला, ऑनलाइन सर्टिफिकेट करा की, आमच्या वहिनीनं केलंय, घरातच पोरं घेत्यात.

कानसेन_पुणे: असले सल्ले देऊ नका हो. आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते, १९९२च्या कायद्यात नोंदणीशिवाय प्रॅक्टिसला शिक्षा आहे. ताई, कोर्स बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा थेरपीची पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षं, पण त्याला बारावी सायन्स पाहिजे, आणि महाराष्ट्रात प्रवेश नीटवर होतात म्हणजे बायो आलंच. नीटला वयाची वरची अट २०२२ पासून नाही. बीएवर थेट एमएएसएलपी, म्हणजे त्यातली मास्टर्स, मिळत नाही. म्हणजे आधी एनआयओएस या ओपन स्कूलमधून बारावीचे सायन्सचे विषय.

डीएडवाली_सांगली: त्यापेक्षा बीएड स्पेशल करा, कर्णबधिर मुलांसाठीचं, दोन वर्षं, ग्रॅज्युएशनवर होतं. बांद्र्याला अलियावर जंग संस्थेत आहे. मी याच लाइनीत आहे, शिक्षकाला हेच बरं.

कानसेन_पुणे: बरं आहे, पण त्यानं विशेष शिक्षक होता येतं, थेरपिस्ट नाही. त्यांनी थेरपी विचारलीय.

डीएडवाली_सांगली: ४३व्या वर्षी नीट द्यायला सांगताय, घर कोण चालवणार?

शाहूपुरी_आजी: माझा नातू अडीच वर्षांचा झाला, अजून एक शब्द बोलत नाही, मोबाइलमुळं असंल काय?

पन्हाळकर: आमच्यात सगळी उशिराच बोलल्यात, बोलतंय आपोआप.

कानसेन_पुणे: आजी, वाट बघू नका, आधी त्याला ऐकू येतंय का ते तपासा, बेरा टेस्ट करून घ्या. आणि ताई, ते पोरगं किती वर्षांचं?

राजारामपुरीची_बाई: आठ.

कानसेन_पुणे: मग पालकांना सीपीआर या सरकारी दवाखान्यात ईएनटीत, म्हणजे कान-नाक-घसा विभागात, दाखवायला सांगा. 'क' साधारण चौथ्या वर्षापर्यंत यायला पाहिजे. तोवर वर्गात सगळ्यांसमोर "परत म्हण" करू नका, तुम्ही फक्त बरोबर शब्द बोलून पुढं चला.

राजारामपुरीची_बाई: पालकांना उद्याच बोलावते. बीएड स्पेशल नको, मला थेरपीच करायचीय. नोकरी एवढ्यात सोडत नाही, आधी एनआयओएसचा फॉर्म भरते. सायन्सच्या प्रॅक्टिकलला सेंटर कोल्हापुरात मिळतंय का, कुणी दिलंय काय?