घरून काम करून एकटं पडायलोय, लातुरात को-वर्किंगसारखं काही जमेल का?

गंजगोलाईकर
पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. लॉकडाऊनमध्ये लातूरला आलो तो इथंच राहिलो. भाडं वाचायलंय, आईच्या हातचं खायला मिळायलंय, तक्रार करायला तोंड नाही. पण दिवसभर माडीवरच्या खोलीत एकटाच. कॉलवर बोलणं म्हणजे नुसते बग. घरच्यांच्या लेखी मी रिकामाच: सिलिंडर आला की हाक, पाहुणे आले की हाक. आणि संध्याकाळी दोस्ताचा फोन आला तर उचलावा वाटत नाही.

अभ्यासिकेत बसून बघितलं. सगळे नीटवाले नाहीतर एमपीएससीवाले, खोकललं तरी माना वर. कॉल आला की जिन्यात पळा. मोठ्या शहरात को-वर्किंग असतंय म्हणतात, म्हणजे वेगवेगळ्या कामाची माणसं एकाच जागेत बसून आपापलं काम करतात. आपल्याकडं चालेल का?

मांजराकाठचा
सकाळी शेताकडं चक्कर मारत जा. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतंय गड्या.

सिडकोवाला
इथं छत्रपती संभाजीनगरात तयार ऑफिसं आहेत, मी खुर्ची भाड्यानं घेतली होती. एसी, कॉफी, नेट झकास. पण शेजारचा माणूस काय काम करतो, हे सोडून जायच्या दिवशीही मला माहीत नव्हतं. सगळ्यांच्या कानाला हेडफोन. पैसे भरून एकटा बसायचो, एवढंच. नुसत्या जागेनं होत नाही भाऊ.

गोदाकाठची
दादा, को-वर्किंगची वाट बघू नका, रिकामा क्लास शोधा.

मी नांदेडची, मुंबईच्या एका सीएंचं जीएसटीचं काम घरून करते. आमच्या जवळ आठवी ते दहावीची ट्यूशन आहे. पोरं सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी येतात, अकरा ते चार हॉल मोकळा. पंखे, इन्व्हर्टर, स्वच्छ संडास (बायकांनी हे आधी बघावं). सरांना म्हटलं, तेवढ्या वेळेचं भाडं आणि वायफायचं अर्धं बिल आम्ही देतो. सर एका पायावर तयार.

सुरुवातीला मी आणि एक ट्रान्सक्रिप्शनवाली (रेकॉर्डिंग ऐकून टाइप करते), दोघीच. मग एक ग्राफिकवाला पोरगा आला, हैदराबादच्या कंपनीचा एक सपोर्टवाला आला. वार ठरलेले, मंगळवार आणि शुक्रवार. रोज ठेवलं असतं तर 'आज नको, उद्या जाऊ' झालं असतं. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रामरनं को-वर्किंग सुरू केलं, तेव्हा तेही आठवड्यातून दोनच दिवस, दुसऱ्यांच्याच जागेत होतं. पहिला महिनाभर तिकडं कुणी फिरकलं नव्हतं म्हणे. तेव्हा लगेच हात टेकू नका.

दीड वाजता लॅपटॉप बंद, हा एकच कडक नियम. डबे बेंचवर मधोमध. सपोर्टवाल्याच्या घरून येसरची आमटी येते, ती कधीच पुरत नाही. आधी तो जेवतानाही फोनवर बोट फिरवायचा. ग्राफिकवाल्यानं एकदा त्याचा फोन उचलून खडूच्या डब्यात टाकला. त्या दिवशी कळलं, बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि हा ते कुणाशी बोललाच नव्हता. आता तोच सगळ्यात आधी येऊन फळा पुसतो. त्यावर सरांच्या पोरांचं प्रमेय असलं की शिव्याही खातो.

कॉल व्हरांड्यात घ्यायचे. क्लायंटची माहिती दुसऱ्याला दिसेल असं बसायचं नाही. कंपनीला आधी विचारा, काहींना बाहेरचं वायफाय चालत नाही. मग आपला हॉटस्पॉट.

गंजगोलाईकर
ताई, हे भारी आहे. पण माणसं कुठून मिळाली? माझ्या ओळखीचे सगळे बाहेरगावी.

गोदाकाठची
इंटरनेटची वायर जोडायला येतो ना, त्या पोराकडून. नेट गेलं की भर दुपारी पहिला फोन कुणाचा येतो, ते त्याला पाठ असतं. फक्त त्याच्याकडं लोकांचे नंबर मागू नका. आपला देऊन ठेवा, ज्याला गरज असेल तो करतो फोन.

सिडकोवाला
ही आयडिया मी चोरणार.

गंजगोलाईकर
औसा रोडला माझ्या जुन्या सरांचा क्लास आहे, उद्या विचारतो. लातुरातलं कुणी येणार असेल तर इथंच सांगा.

बार्शी रोडवाला
मी येतो, अकाउंट्सचं काम आहे. पण हॉल पत्र्याचा असेल तर एप्रिल-मेमध्ये जमणार नाही, आत्ताच सांगतो.