पाणवठ्यावर बसून मारलेला प्राँगहॉर्न: शिकार, की नुसती वाट पाहणं?

माळरानी

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात प्राँगहॉर्न या हरणासारख्या जनावराच्या शिकारीचा धनुष्याचा हंगाम बहुतेक भागांत १५ ऑगस्टला सुरू होतो आणि जुलैपासून नवख्यांना एकच सल्ला ऐकवला जातो: पाण्याजवळ ब्लाइंड (लपायचा तंबू) ठोका, आत बसा, वाट बघा. मी दोन हंगाम हेच केलं, मग सोडलं. माझ्या मते ही शिकार नाही. गुरांसाठी भरलेल्या टाकीवर तहानलेलं जनावर येतं आणि आपण काळ्या तंबूच्या झडपेतून पंधरा-वीस यार्डांवर बाण सोडतो. यात कसब कसलं? घाम गाळण्याचं?

प्राँगहॉर्नचा सगळा जीव डोळ्यांत आणि पायांत. धावतो ताशी ८८ किलोमीटरच्या पुढे. डोळे डोक्याच्या कडेला, मोठे, बाहेर आलेले, त्यामुळे चरताना मान खाली असली तरी मागचं बरंचसं दिसतं. अशा जनावराच्या टप्प्यात पायी पोचण्यातच खरी गंमत आहे. लांबून माळ सपाट वाटतो, पण पोटावर सरपटलात की कळतं, तो कुठेच सपाट नसतो. गुडघाभर खोल घळी असतात, कोरडे ओहोळ असतात, सेजब्रशच्या झुडपांची रांग असते. कळप बसेपर्यंत थांबायचं, वारा तोंडावर घ्यायचा आणि उतार वाचत पुढे सरकायचं. तळहातात निवडुंगाचे काटे जातातच. गेल्या वर्षी चारशे यार्ड सरकायला मला सव्वादोन तास लागले. शेवटी एका मादीने मान वळवली, ढुंगणावरचे पांढरे केस फुलवले आणि सगळा कळप टेकडीपलीकडे! बाण सोडलाच नाही. तरी टाकीवर मारलेल्या दोन्ही नरांपेक्षा तो दिवस जास्त लक्षात आहे.

टाकीवाली

माळरानी, लिहिलंय छान, पण पटलं नाही. अशा पाठलागात शेवटचा बाण किती यार्डांवरून सोडता ते तुम्ही गाळलंत. पन्नास? साठ?

हिशेब मांडते. माझ्या कंपाउंड (चाकांच्या) धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो. साठ यार्ड म्हणजे १८० फूट, म्हणजे साधारण ०.६५ सेकंद. दोरीचा आवाज जनावराच्या कानावर बाणाच्या कितीतरी आधी पोचतो, पाव सेकंदही लागत नाही. उरलेला अर्धा सेकंद तो जनावराच्या हातात. ते घाबरलं नाही, नुसतं एक पाऊल पुढे चाललं, तरी दोन फुटांचा फरक पडतो. काळीज-फुप्फुसाची जागा जेवणाच्या ताटापेक्षा लहान. मग बाण जातो कुठे? पोटात. वीस यार्डांवर हाच वेळ पाव सेकंदाच्या आत येतो.

शिवाय आत बसणं तुम्ही सोपं समजताय. मागच्या सगळ्या खिडक्या बंद ठेवायच्या, नाहीतर मागच्या उजेडावर आपली आकृती उमटते. काळा सदरा, काळे हातमोजे, बूट काढून नुसते मोजे. सकाळी सहाला आत गेलं की अंधार पडेपर्यंत बाहेर यायचं नाही, कारण हे पठ्ठे भर दुपारीही पाण्यावर येतात. नर शंभर यार्डांवर येऊन दहा मिनिटं नुसता उभा राहतो. मग टाकीपाशी येतो, तोंड लावतो आणि लगेच मान झटक्यात वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. पहिल्या खेपेला धनुष्य ओढलंत तर संपलं. तो खरोखर प्यायला लागला की नरड्यातला घोट दिसतो. तेव्हाच ओढायचं. बाहेर एखादी गाय तंबूला अंग घासत असते, ती वेगळीच. हे कसब नाही म्हणता?

कुंपणकाठी

दोघेही पाण्याला आणि घळीला चिकटलात! प्राँगहॉर्न कुंपणावरून सहसा उडी मारत नाही, खालून सरपटतो. म्हणून तर सर्वांत खालची तार काटे नसलेली आणि जमिनीपासून निदान १६ इंच वर ठेवा असं रँचवाल्यांना सांगतात. जिथून कळप रोज जातो तिथे माती घासून गुळगुळीत झालेली असते आणि वरच्या काटेरी तारेला केस अडकलेले असतात. वारा बघून त्या जागेपासून पंचवीस यार्डांवर झुडपात बसायचं. खाली वाकलेलं जनावर मान वर करू शकत नाही. बाण मात्र ते पलीकडे निघून उभं राहिल्यावरच. तारेखाली असताना कुणी सोडत असेल तर त्याने धनुष्य खुंटीला टांगावं.

डिकॉयदादा

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत थांबा, सगळे प्रश्न सुटतात. माजावर आलेला नर आपल्या माद्यांजवळ परका नर खपवून घेत नाही. बनावट नर दाखवला की दोनशे यार्डांवरून धावत येतो, कधीकधी इतका जवळ की धनुष्य ओढायला फुरसत मिळत नाही. ऑगस्टमध्ये मात्र तोच डिकॉय बघून कळप पळतो, स्वानुभव आहे. आणि त्या भागात बंदुकीचा हंगाम सुरू झाला असेल तर डिकॉय घरीच ठेवा. त्याच्या मागे तुम्ही असता.

पाणपोई

मी शिकार करत नाही, त्यामुळे माझा प्रश्न तुम्हाला बाळबोध वाटेल. कोरड्या प्रदेशात पाणी अडवून बसणं हाच मुळात अन्याय नाही का? २०२२-२३ च्या हिवाळ्यात वायोमिंगमध्ये किती कळप बर्फात गेले ते आपण पाहिलं. त्यात वाचलेल्यांना आता टाकीवर गाठायचं?

टाकीवाली

पाणपोई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. अ‍ॅरिझोनात पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत जनावरांची वाट अडेल असा मुक्काम टाकणं बेकायदा आहे. शिकारीसाठी ट्रेल कॅमेरेही (जनावर हललं की आपोआप फोटो काढणारे) तिथे २०२२ पासून बंद आहेत. मला दोन्ही नियम मान्य आहेत. पण एका टाकीवर बसणं म्हणजे पाणी अडवणं नव्हे. त्याच माळावर दुसरी टाकी असते, तिसरी असते. आणि एकदा पाऊस पडला की प्रत्येक खड्ड्यात पाणी साचतं. मग मी चार दिवस गायी मोजत बसते.

त्या हिवाळ्यानंतर परवाने कमी केले, ते बरोबरच केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे जनावर काही हजारांवर आलं होतं. त्यातून पुन्हा लाखोंच्या घरात आलं, ते शिकारीवरच्या बंधनांमुळे, राखीव क्षेत्रांमुळे आणि शिकाऱ्यांच्या पैशावर चाललेल्या कामामुळे. धनुष्यावर अमेरिकी केंद्र सरकारचा ११ टक्के कर आहे, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो.

पाणपोई

कर भरला म्हणून तहानेचा फायदा घ्यायचा हक्क मिळत नाही. तो पैसा तुम्ही पायी फिरलात तरी जाईलच की. त्यापेक्षा माळरानींची पद्धत मला कमी खटकते, निदान त्यात जनावराला पळायची संधी आहे.

टाकीवाली

पळायची संधी, हो. पोटात बाण घेऊन पळायचीसुद्धा.

पण प्रामाणिकपणे हेही सांगते. माझाही एक बाण चुकलाय, तोही सतरा यार्डांवर. दोरीच्या आवाजाने नर खाली दबला, वळला आणि बाण मांडीत शिरला. संध्याकाळपर्यंत आणि दुसरा पूर्ण दिवस शोधला, सापडला नाही. तेव्हा सतरा यार्ड म्हणजे खात्री असं मी म्हणत नाही. साठ यार्डांवर असे किती होत असतील, एवढंच विचारते.

माळरानी

हिशेब मान्य. साठवरून मी सोडत नाही. चाळीस ही माझी हद्द आणि तीही वारा पडलेला असेल, जनावर आडवं उभं असेल तर. म्हणून तर पाच हंगामांत पायी फिरून एकच नर मिळालाय. पण तुमचा मुद्दा अंतराचा आहे, माझा नाही. माझं म्हणणं, ते जनावर ज्या डोळ्यांवर जगतं त्या डोळ्यांशी तुमची गाठच पडत नाही. तुम्ही त्याच्या तहानेशी सौदा करता.

डिकॉयदादा

आणि मी त्याच्या मत्सराशी. मग?

माळरानी

मत्सर चालतो मला. 😄

नवा_भिडू

वाद चालू द्या, पण यंदा माझी पहिलीच वेळ आहे. ऑगस्टच्या उन्हात मांसाचं काय करता? लोक म्हणतात सेजब्रश खाल्ल्याने त्याला उग्र वास येतो.

कुंपणकाठी

माझ्या मते सेजब्रशच्या माथी उगाच मारलंय, वास बहुतेकदा उशिरामुळे. पडलं की लगेच आतडी काढा आणि सावलीत कातडं सोला. त्याचे केस पोकळ असतात, अंगातली उष्णता धरून ठेवतात. तासाभरात मांस बर्फाच्या पेटीत गेलं पाहिजे, पण पाण्यात भिजू देऊ नका. जनावर गाडीच्या टपावर बांधून गावभर मिरवणारे पाहिलेत मी. तेच पुढे वासाची तक्रार करतात.

टाकीवाली

आणि भिडू, पहिल्या वर्षी पाण्यावरच बस. माळरानींना सांगू नकोस.

माळरानी

वाचलं मी. बसा खुशाल. पलीकडच्या घळीत मी असेन, झडप हलली तर दिसेल.