अपडेट टाकल्यापासून एडिटिंगचं सॉफ्टवेअर मध्येच बंद पडतंय (जुना डेस्कटॉप, विंडोज ७, मिनीडीव्ही कॅसेट)

लोकमान्यनगरची

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडे २००९ सालचा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, विंडोज ७ ३२ बिट, आत हँडीकॅम जोडायचं फायरवायरचं कार्ड. ह्यांना अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) शूट करायची भारी हौस. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, सगळ्या मिलच्या झाँक्या जेल रोडच्या कोपऱ्यावर उभं राहून घेतलेल्या. मिनीडीव्हीच्या, म्हणजे हँडीकॅमच्या छोट्या कॅसेटी साडीच्या खोक्यात भरून ठेवल्यात. यंदा गणपतीत आमच्या मंडळाला त्यातून अर्ध्या तासाची फिल्म करून हवी आहे, म्हणून मी बसलेय.

सॉफ्टवेअर त्याच वेळी डब्यात सीडी आणि चावीसकट (लायसन्स की) विकत घेतलेलं. नाव घेत नाही, उगाच वाद नको. इतकी वर्षं सुरळीत चालायचं. दिवाळीत भाचा आला आणि म्हणाला, मामी, हे किती जुनं वापरताय. त्याने सॉफ्टवेअरचा पॅच (अपडेट) टाकला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा केला, आणि इकडेतिकडे पडलेल्या क्लिपा वर्षावार नीट लावून दिल्या, मराठीत नावं घालून: 'झाँकी २००५', 'झाँकी २००६' अशी. मुलगा गुणी आहे, पण तो गेल्यापासून माझे हाल.

एक तर क्लिप टाइमलाइनवर ओढली की सॉफ्टवेअर खटकन बंद. काही क्लिपा चालतात, काहींना 'फाइल सापडत नाही' म्हणतं, आणि फाइल तर तिथेच दिसतेय. कॅसेट कॅप्चर करताना, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवताना, वीसेक मिनिटांत आपोआप थांबतं. चावी परत मागतं, टाकली की सर्व्हरशी संपर्क होत नाही म्हणतं. मोबाइलवर घेतलेल्या गेल्या वर्षीच्या क्लिपांचा आवाज येतो, चित्र काळं. आणि हो, कॉम्प्युटर रोज सकाळी तारीख १ जानेवारी २००९ दाखवतो, ती मी हाताने बदलते.

दुकानात दाखवला तर न उघडताच म्हणाले, फॉर्मॅट मारावा लागेल. मारू का?

शून्य_एक_शून्य

काकू, इतक्या जुन्या मशीनवर वेळ का घालवताय? एखादा लॅपटॉप घ्या, फोनवरच एडिट करा, विषय संपला.

मिक्सिंगवाला

फॉर्मॅट मारू नका. आधी हे वाचा आणि मगच मशीनला हात लावा.

मी लग्नांच्या व्हिडिओ मिक्सिंगचं काम केलंय, व्हीएचएसपासून. आमच्या लॅबमध्ये अशीच मशीनं रात्रभर रेंडरला (तयार फिल्म काढायला) लावलेली असायची. तुमच्या पोस्टमध्ये एक आजार नाही, चार-पाच आहेत, आणि ते एकाच दिवाळीत दिसले म्हणून सगळ्यांचं खापर अपडेटवर फुटतंय. वरच्या भाऊंना सांगतो, मिनीडीव्ही कॅसेट लॅपटॉपमध्ये जात नाही. फायरवायर आता कुठल्याच नव्या लॅपटॉपला येत नाही, आणि त्या हँडीकॅमच्या यूएसबीतून बहुतेक वेळा फक्त फोटो उतरतात किंवा वेबकॅमसारखं बारीक चित्र. कॅसेटमधला माल बाहेर काढायचा तर ताईंचा हा डबाच कामाचा.

फॉर्मॅट का नको? तुमचं सॉफ्टवेअर आत्ता कसंबसं का होईना, बसलेलं आहे. जुन्या सॉफ्टवेअरचे चावी तपासणारे सर्व्हर कंपन्या कालांतराने बंद करतात. एकदा पुसलंत आणि पलीकडे कुणी 'हो' म्हणायला उरलंच नसेल, तर सॉफ्टवेअरचा डबा, सीडी, चावी सगळं हातात असून उपयोग शून्य. म्हणून पहिलं काम, पूर्ण डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) दुसऱ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवा. विंडोज ७ च्या कंट्रोल पॅनेलमध्ये बॅकअपखाली 'सिस्टम इमेज'ची सोय आहे, वेगळं काही विकत घ्यायला नको.

आता तारीख. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा चपटा सेल असतो, रुपयाच्या नाण्याएवढा. तो संपला की वीज बंद होताच घड्याळ मागे जातं. तुम्हाला वाटेल तारखेचा एडिटिंगशी काय संबंध. संबंध असा, की सुरक्षित जोडणी करताना सर्व्हरचं प्रमाणपत्र तारखेवरून तपासलं जातं. तुम्ही तारीख बदलेपर्यंत कॉम्प्युटर २००९ मध्ये बसलेला असतो, प्रमाणपत्र आजचं आहे, म्हणजे त्याच्या लेखी ते अजून जन्मालाच आलेलं नाही. जोडणी नाकारली जाते आणि तुम्हाला दिसतं 'सर्व्हरशी संपर्क होत नाही'. सिल्व्हर मॉलमध्ये किंवा कुठल्याही घड्याळवाल्याकडे सेल मिळेल. प्लग काढून बदला, मग तारीख लावा, मग चावी टाका. हा क्रम मोडू नका.

कॅप्चर थांबतं ते वेगळंच. डीव्ही एका सेकंदाला साधारण ३.६ एमबी खातं, तासाला १३ जीबी. तुम्ही कॅप्चर बाहेरच्या डिस्कवर करत असणार आणि ती फॅट३२ (डिस्कवर फाइली मांडायची जुनी पद्धत) असणार. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही. ४ जीबीला ३.६ ने भागा, १९-२० मिनिटं येतात. तुमची 'वीसेक मिनिटं' तीच. डिस्कवरचा माल दुसरीकडे हलवून ती एनटीएफएस (त्यापुढची पद्धत) करा, पूर्ण तासाची कॅसेट एका दमात उतरेल. अधूनमधून कॅमेरा सापडतच नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये १३९४ (म्हणजे फायरवायर) कंट्रोलरला 'लेगसी' लिहिलेला ड्रायव्हर निवडा, विंडोज ७ मध्ये तो आधीपासून असतो. आणि फायरवायरची केबल कॅमेरा बंद ठेवूनच लावा. सहा पिनांच्या बाजूने वीज येते, ती उलटी घुसली की कॅमेऱ्याचा पोर्ट जातो.

आता मुख्य, क्लिप ओढली की बंद पडणं. एक सांगा, जुन्या फोल्डरमधल्या, इंग्रजी नावाच्या क्लिपा चालतात आणि मराठी नावाच्या फोल्डरमधल्या मार खातात, असं आहे का?

लोकमान्यनगरची

अय्या, अगदी तसंच आहे! डीएससी-काहीतरी नावाच्या फोल्डरमधल्या सगळ्या चालतात. पण फाइल तर उघडून पाहिली तर सरळ वाजते.

मिक्सिंगवाला

वाजणारच, कारण विंडोजच्या प्लेअरला देवनागरी कळते. तुमच्या सॉफ्टवेअरला नाही. त्या काळचे बरेच प्रोग्राम युनिकोडचे (सगळ्या लिप्या कळणारे) नव्हते. ते फाइलचा पत्ता एकेका बाइटच्या जुन्या कोडपेजमधून (अक्षरांच्या तक्त्यातून) वाचतात, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसं कोडपेज नाहीच. मग 'झाँकी २००५' च्या जागी त्याच्या हाती '?????' येतं. प्रश्नचिन्ह फाइलच्या नावात चालत नाही, म्हणून ते म्हणतं सापडत नाही. त्यातले जे भाग या उत्तराची वाट न पाहता पुढे जातात, ते कोसळतात.

फोल्डरची नावं रोमन लिपीत करा, मध्ये मोकळी जागा न सोडता, आणि थेट डी ड्राइव्हवर ठेवा. फक्त नाव बदललं की जुन्या प्रोजेक्टला क्लिपा परत दाखवून द्याव्या लागतील, त्याला घाबरू नका. आणखी एक बघा: भाच्याने विंडोजमध्ये तुमच्या नावाचं नवीन खातंही मराठीत उघडलं नाही ना? तसं असेल तर टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरचा पत्ताच देवनागरीत जातो आणि मग एकही क्लिप धड चालत नाही. तेव्हा रोमन नावाचं खातं उघडून त्यातून काम करायचं.

एवढं केल्यावरही बंद पडत असेल तरच ग्राफिक्सचा ड्रायव्हर मागे न्या, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक'. पॅच काढायची घाई नको.

ग्वाल्हेरचा_बाळ्या

काकांचं पटलं. एक भर घालतो. नवीन काही टाकताना 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' वगैरे नावाची डीएलएल (प्रोग्रामला लागणारी मदतीची फाइल) नाही असा एरर आला तर ती फाइल कुठल्याशा साइटवरून एकटी उतरवू नका, त्यात व्हायरस असतात. विंडोज ७ साठी मायक्रोसॉफ्टचा केबी२९९९२२६ हा अपडेट लागतो, तेवढाच टाका. आणि अपडेटच बसत नसतील तर आधी केबी४४७४४१९, कारण २०१९ पासून त्यांच्या डिजिटल सह्या एसएचए-२ या नव्या पद्धतीच्या झाल्या आणि जुनं विंडोज त्या ओळखत नाही.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, त्यामुळे अपडेट आणि चावीचं काम झालं की नेटची वायर काढून ठेवा. बँकेचं तर त्यावर नावच काढू नका. मी स्वतः लिनक्स टाकून केडेनलाइव्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, मस्त चालतं.

मिक्सिंगवाला

बाळ्या, ताईंना आत्ता लिनक्स नको. गणपती तोंडावर आलेत. वायर काढायचं मात्र शंभर टक्के.

लोकमान्यनगरची

काका, सेल बदलला. घड्याळवाल्याने पैसेसुद्धा घेतले नाहीत, म्हणाला झाँकीची फिल्म दाखवा. तारीख टिकली, चावी पहिल्या फटक्यात लागली. फोल्डरची नावं बदलली आणि २००५ च्या हुकुमचंदवाल्या क्लिपा टाइमलाइनवर सरळ बसल्या. डिस्क खरोखर फॅट३२ निघाली, काल अख्खी कॅसेट उतरली.

मोबाइलवाल्या राहिल्या. मुलाचा लॅपटॉप आहे, विंडोज १० चा. त्यावर त्या एका फ्री सॉफ्टवेअरमधून उघडल्या, चित्र आलं, पण ढोल आधी वाजतो आणि काठी नंतर पडते. सुरुवातीला बरोबर असतं, पाच मिनिटांनी पार सुटतं. हे काय नवीन?

मिक्सिंगवाला

शाब्बास. इमेज काढलीत ना आधी? नसेल तर आज काढा.

चित्र काळं येत होतं ते फोन एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) रेकॉर्ड करतो म्हणून. ते उलगडायची सोय इंटेलच्या चिपमध्येच यायला सहावी पिढी उजाडावी लागली, २०१५. कोअर टू ड्युओला ते झेपत नाही, आणि तुमच्या सॉफ्टवेअरला तर ते नावही माहीत नाही. पुढच्या वेळी शूट करणाऱ्याला सांगा, फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' बंद कर, आयफोन असेल तर फॉर्मॅटमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल'. म्हणजे साधं एच.२६४ मिळेल.

ढोल सुटतो त्याचं कारण, फोन दर सेकंदाला ठरलेल्या फ्रेम घेत नाही. उजेड कमी असला की २४, जास्त असला की ३०, असं वरखाली करतो, आणि झाँकी रात्रीची, वर पाठीमागे लाइटिंग चमचमतंय, म्हणजे विचारूच नका. एडिटिंगवाला समजतो सगळं एका गतीने चाललंय, आणि आवाज हळूहळू पुढे पळतो. म्हणून मोबाइलच्या क्लिपा आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढा: व्हिडिओच्या पानावर एच.२६४, फ्रेम रेट २५, आणि खाली 'कॉन्स्टंट' निवडायचं. तिथे 'पीक' असतं, ते घेऊ नका. हे सगळं लॅपटॉपवर. एडिटिंगला शॉटकट वापरत असाल तर अशी फाइल उघडली की तोच विचारतो, एडिटला सोयीची करून देऊ का. हो म्हणा. लॅपटॉप ८ जीबीचा असेल तर प्रॉक्सीही चालू करा, म्हणजे एडिट करताना हलक्या प्रती वापरतो आणि शेवटी रेंडर मूळ फाइलमधून होतं.

माझं मत विचाराल तर आता कामाची वाटणीच करून टाका. जुना डबा फक्त कॅसेट उतरवायला, नेटशिवाय. जोडकाम सगळं लॅपटॉपवर. त्या ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीतली सव्वातीनच्या आसपास रॅम दिसते, प्रोग्रामला त्यातली २ मिळते. अर्ध्या तासाची फिल्म, वर टायटल आणि संगीत म्हटलं की तो रडणारच. आणि त्याला नवं करत बसण्यात अर्थ नाही. हे सॉफ्टवेअर ज्या जगासाठी लिहिलं, त्या जगात ते नीट चालतं. उतरवून घेतलेल्या डीव्ही फाइली लॅपटॉपवर नेल्या की झालं, त्या सगळीकडे उघडतात.

शून्य_एक_शून्य

ओके, कॅसेटचं डोक्यात आलं नव्हतं. काका, डीव्ही फाइल लॅपटॉपवर उघडली की हलत्या गोष्टींच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा येतात ना? त्याचं काय?

मिक्सिंगवाला

बरोबर पकडलंस. डीव्ही इंटरलेस्ड असतं, ७२० बाय ५७६, एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं. जुन्या पेटीवाल्या टीव्हीवर ते शोभायचं, एलसीडीवर दात दिसतात. एडिटिंगमध्ये यादिफ या फिल्टरने डिइंटरलेस करायचं (दोन अर्धी चित्रं नीट एक करायची) आणि फील्डचा क्रम 'बॉटम फर्स्ट' ठेवायचा. डीव्हीत खालचंच आधी असतं. 'टॉप' घेतलंत तर चालती झाँकी पुढे-मागे थरथरते. लग्नांत वरातीचा घोडा तसा नाचायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं कॅमेरा खराब.

ताई, चित्र ४:३ चं आहे. मोबाइलच्या रुंद क्लिपांबरोबर बसवायला ते आडवं ताणू नका, देवांचे चेहरे फुगतात. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या. आणि कॅसेट फिरवताना चित्रात चौकोन फुटले तर ड्राय हेड क्लीनर दहा सेकंद चालवा, त्यापेक्षा जास्त नाही. पावसाळ्यात कपाटातून काढलेली कॅसेट लगेच कॅमेऱ्यात घालू नका, तासभर खोलीत पडू द्या.

मंडळात दाखवणार कशावर, प्रोजेक्टर की टीव्ही? प्रोजेक्टर असेल तर कुठला आहे ते लिहा, रेंडरचा साइज त्यावरून सांगतो.

लोकमान्यनगरची

प्रोजेक्टर, शेजारच्या शाळेतून आणतात. मॉडेल उद्या मागून घेऊन कळवते. इमेज आत्ता चालू आहे, ६१ टक्के झालीय.