सध्या कोणता गेम खेळत आहात आणि तो तुमच्याकडून काय मागतो?

गलबत

नमस्कार. सध्या मी लुकस पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ खेळत आहे. २०१८ साली आलेला हा गेम इतक्या उशिरा हाती घेण्याचे कारण म्हणजे त्याची चित्रे. संपूर्ण पडदा केवळ दोन रंगांत, जुन्या मॅकिन्टॉश संगणकाप्रमाणे ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेला आहे आणि यूट्यूबवर तो पाहताना डोळ्यांना नुसता त्रास होतो. प्रत्यक्ष खेळायला बसल्यावर मात्र थोड्याच वेळात ठिपके जाणवेनासे होतात आणि जहाज दिसू लागते.

१८०२ साली लंडनहून पूर्वेकडे निघालेले आणि बेपत्ता झालेले ‘ओब्रा डिन’ हे व्यापारी जहाज १८०७ मध्ये इंग्लंडमधील फाल्मथ बंदराशी वाहत येते. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. जहाजावरच्या ६० जणांपैकी प्रत्येक चेहऱ्याचे नाव काय, त्याचे पुढे काय झाले आणि तो मारला गेला असल्यास कोणाच्या हातून, हे सारे वहीत भरायचे असते. हाताशी एक खिशातले घड्याळ असते. प्रेताजवळ ते उघडले की आधी अंधारात त्या माणसाच्या शेवटच्या क्षणांचे आवाज ऐकू येतात आणि मग तो मृत्यूचा क्षण जागच्या जागी गोठून समोर उभा राहतो. त्या गोठलेल्या दृश्यात आपण हिंडू शकतो, पण कशालाही हात लावू शकत नाही.

मला या गेमचे सर्वांत आवडलेले वैशिष्ट्य हे, की ‘आता इकडे पाहा’ असे तो कधीच म्हणत नाही. खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांवर क्रमांक असतात आणि ते वहीतल्या नावांच्या यादीशी जुळतात, ही गोष्ट कुठेही सांगितलेली नाही. एखाद्या दृश्यात मरणारा माणूस पुढे असतो, पण खरा पुरावा मागच्या बाजूला, झोळीतून बाहेर डोकावणाऱ्या बुटांमध्ये असतो. कोण कोणत्या ढंगाने बोलतो, कोणाचा गणवेश कसा आहे, जेवताना कोण कोणाजवळ बसतो, यावरून माणसे ओळखावी लागतात. यादीत हिंदुस्थानी खलाशीही आहेत. त्या काळी ब्रिटिश जहाजांवर राबणाऱ्या अशा खलाशांना लस्कर म्हणत आणि त्यांत आपल्या कोकण किनाऱ्यावरचे लोकही असत. त्यामुळे त्या नावांपाशी मी जरा जास्तच रेंगाळलो, हे मान्य करायला हरकत नाही.

तर माझा प्रश्न असा: तुम्ही सध्या कोणता गेम खेळत आहात आणि तो तुमच्याकडून नेमके काय मागतो? हाताची चपळाई, स्मरणशक्ती, सहनशीलता की निव्वळ वेळ? ‘ग्राफिक्स छान आहेत’ यापलीकडचे वाचायला आवडेल. शेवट मात्र कृपया कोणी फोडू नये.

कळफलक

गलबत, तुमच्या वर्णनाशी जवळचे नाते सांगणारा ‘आउटर वाइल्ड्स’ मी सध्या खेळत आहे. तो २०१९ चा, ‘मोबियस डिजिटल’चा गेम आहे. एका छोट्याशा सूर्यमालेत आपण अंतराळवीर असतो आणि बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सगळे संपते. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, त्याच शेकोटीपाशी, त्याच आकाशाखाली. हे सुरुवातीलाच कळते, म्हणून सांगायला संकोच वाटत नाही.

हा गेम आपल्याला काहीही ‘मिळवू’ देत नाही. शस्त्र नाही, पैसे नाहीत, यानाला नवे इंजिन बसवता येत नाही. पहिल्या दिवशी जे साहित्य हाती असते तेच शेवटपर्यंत. वाढते ते फक्त आपले ज्ञान. नोमाई नावाच्या एका प्राचीन जमातीने भिंतींवर गोलाकार वळणांच्या लिपीत आपसांतले संवाद लिहून ठेवलेले आहेत आणि ते वाचत वाचत कुठे, केव्हा आणि कसे पोहोचायचे हे उलगडते. यातला ‘केव्हा’ महत्त्वाचा, कारण सगळे ग्रह घड्याळाच्या तालावर बदलत असतात. दोन जुळ्या ग्रहांपैकी एकावरची वाळू खांबासारखी दुसऱ्यावर ओतली जात असते. जो रिकामा होतो त्याच्यावरचे मनोरे हळूहळू उघडे पडतात आणि जो भरतो त्याच्या गुहा बंद होत जातात. त्या गुहांमध्ये एखादा लेख वाचत उभे असताना पायाखालची वाळू वर चढू लागते, तेव्हा वाक्य पूर्ण करावे की पळावे, असा पेच पडतो. मी बहुधा वाक्य पूर्ण करतो.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्याजवळ दूरचे आवाज पकडणारे एक यंत्र असते. वेगवेगळ्या ग्रहांवर गेलेले आपले सहप्रवासी आपापले वाद्य वाजवत असतात: कोणी बँजो, कोणी बासरी, कोणी ढोल, आणि एक जण नुसताच शीळ घालतो. यंत्र आकाशात फिरवले की एकेक वाद्य ऐकू येते. यानातून दूर जाऊन सगळ्यांकडे एकदम रोख धरला, तर ती एकाच धुनेची निरनिराळी अंगे आहेत हे कळते. गेममध्ये पुढे जाण्यासाठी याची गरजही नसते.

तक्रार करायचीच तर यान चालवण्याबद्दल करता येईल. वेग कमी करायचा तर उलट दिशेने जोर लावावा लागतो आणि हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. ऑटोपायलटवर विसंबणाऱ्यांना तर तो खुशाल सूर्यातून घेऊन जातो. ज्यांना गाडीत मळमळते त्यांनी बेताने खेळावे.

निशाचर

दोन्ही गेम मी पूर्ण केलेले आहेत आणि दोन्ही आवडले आहेत. तरी ‘ओब्रा डिन’विषयी एक आक्षेप नोंदवतो. तीन जणांची माहिती अचूक भरली की गेम त्या तिन्ही नोंदी पक्क्या करतो. ही युक्ती सुरुवातीला उत्तम चालते, परंतु शेवटी मोजकेच चेहरे उरले की दोन नोंदी खात्रीच्या ठेवून तिसऱ्या जागी नावे आलटूनपालटून पाहण्याचा मोह होतो आणि गेमही तो रोखत नाही. निरीक्षणाचा गेम त्या टप्प्यावर अंदाजपंचे होऊन जातो.

सध्या मी पुन्हा ‘हेडीस’कडे वळलो आहे. २०२० साली पूर्ण रूपात आलेला ‘सुपरजायंट गेम्स’चा हा गेम उघडउघड हातांकडून काम मागतो आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. दिवसभर कार्यालयात अहवाल वाचून आल्यावर रात्री आणखी पुरावे जुळवत बसण्याची माझी तयारी नसते. ग्रीक पुराणांतल्या पाताळाचा राजपुत्र झॅग्रियस बापाच्या घरातून पळून जाऊ पाहतो, वाटेत मरतो आणि पुन्हा त्याच घरात परत येतो. इतर गेममध्ये मेल्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच लिहून येते. इथे दाराशी बसलेला निद्रादेव हिप्नोस तुम्ही कशाने मेलात हे यादीत पाहून त्यावर शेरा मारतो, बाप टोमणे मारतो, ग्रीक वीर अकिलीस धीर देतो आणि कथा एक पाऊल पुढे सरकते. त्यामुळे हरल्यावर चरफड होत नाही, उलट घरी आता कोण काय म्हणेल याची उत्सुकता असते.

ज्यांची बोटे फारशी चालत नाहीत त्यांच्यासाठी यात ‘गॉड मोड’ आहे. तो सुरू केला की होणारी इजा २० टक्क्यांनी कमी होते आणि प्रत्येक मरणागणिक आणखी २ टक्के सवलत मिळत ८० टक्क्यांपर्यंत जाते. अवघड गेम सोपा करण्याची इतकी सभ्य तऱ्हा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मृद्गंध

मी ‘राजी: अॅन एन्शन्ट एपिक’ खेळते आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने तो २०२० मध्ये आणला. आपल्याकडचा गेम म्हणून कौतुक करावे आणि सोडून द्यावे असे वाटत नाही, म्हणून दोन्ही बाजू लिहिते.

पाहण्यासारखे बरेच आहे. राजस्थानी धाटणीचे किल्ले, जाळीदार खिडक्या, पहाडी चित्रशैलीतली रंगसंगती आणि कथेच्या मधल्या भागांसाठी छायाबाहुल्या. राजी ही सर्कशीतली मुलगी, राक्षसांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधते आहे. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे पाहत आपसांत बोलत असतात. हे निवेदन मला फार आवडले, कारण विष्णू शंका काढतो आणि दुर्गा राजीची बाजू घेते, त्यामुळे देव एकमताने आशीर्वाद देत आहेत असे होत नाही. भिंतींवरच्या चित्रांपाशी थांबले की त्यांची कथाही ऐकायला मिळते.

लढाईत मात्र हा गेम कमी पडतो. त्रिशूळ फिरवताना दिसते सुंदर, पण घाव बसल्याचे वजन हाताला जाणवत नाही. मूळ आवृत्तीतला कॅमेरा, म्हणजे दृश्य पाहण्याचा कोन, आपल्या ताब्यात नसल्यामुळे उडी मारताना कड्याचा अंदाज चुकतो आणि शेवट तर हातातून पुस्तक ओढून घेतल्यासारखा येतो. निशाचर, ‘हेडीस’नंतर लगेच हा खेळलात तर निराश व्हाल. गेमची लांबी काही तासांचीच आहे आणि मला ती दोषास्पद वाटत नाही. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आहेत. माझ्या सासूबाईंनी माझ्या शेजारी बसून बराच भाग पाहिला तो त्यामुळेच, आणि ‘त्या दिव्याच्या मागे बघ’ अशा सूचनाही केल्या.

गलबत

सर्वांचे आभार. निशाचर, शेवटच्या काही नावांबाबत तुमचे म्हणणे रास्त आहे. तरी मला वाटते की तीनची अट काढली असती तर आणखी वाईट झाले असते. एकेक नोंद लगेच पक्की झाली असती, तर पहिल्याच दिवसापासून आपण अंदाज मारत सुटलो असतो. तीनमुळे निदान मधला मोठा टप्पा प्रामाणिक राहतो. शिवाय आलटूनपालटून नावे लावण्याने वही भरते, पण ते दृश्य आपल्याला समजलेले नसते, ही बोच राहतेच. माझ्या यादीत सध्या अशी दोन नावे आहेत आणि त्यांच्यासाठी मी खालच्या मजल्यावरची दृश्ये पुन्हा पाहतो आहे.

मृद्गंध, सुधारित आवृत्तीत कॅमेरा राजीच्या पाठीमागे आणता येतो असे वाचले आहे. त्याने उड्यांची अडचण दूर होते का, हे कळवाल का? तसे असेल तर ‘ओब्रा डिन’ संपताच तोच घेईन.

मृद्गंध

उड्यांची अडचण बरीच कमी होते, लढाईची नाही. किल्ल्याच्या भागात मात्र तो कॅमेरा बंदच ठेवा. उंचावरून दिसणारी ती तटबंदी पाठीमागच्या कॅमेऱ्यात अर्धीही मावत नाही.