खोडव्याचा पाला कोण पेटवतं: पुरुषसत्ता की उसाचा दर?

पंचगंगाकाठ: ऊसतोड संपली की कोल्हापूरच्या करवीर-शिरोळात फड पेटतात. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक, घ्यायच्या आधी रानात पडलेला वाळका पाला जाळून टाकतात. हेक्टरी 8 ते 10 टन पाला, त्यातलं 40-50 किलो नत्र, एका काडीत धूर. याचं मूळ मला सातबाऱ्यात दिसतं. टोकण (लावण), भांगलण (खुरपणी) बायकांनी करायची; पाला जाळायचा की ठेवायचा हे मात्र ज्याच्या नावावर रान, तो ठरवणार. साखर कारखान्याचा सभासदही तोच. फ्रेंच स्त्रीवादी लेखिका फ्रान्स्वाज द'ओबोन यांनी 1974 मध्ये मांडलं होतं की मातीची सुपीकता आणि बाईची कूस, दोन्हींवर एकाच सत्तेनं ताबा मिळवला. आपल्याकडं ते बांधावर उभं राहून बघता येतं.

सरीवरंबा: पटत नाही. रान बाईच्या नावावर झालं तरी तीही ऊसच लावेल, कारण एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, कायद्यानं बांधलेली आहे आणि सोयाबीन व्यापारी म्हणेल त्या दरानं जातं. शिरोळची क्षारपड, म्हणजे मिठानं नापीक झालेली जमीन, घ्या. काळी माती, निचरा नाही, वर सरी तुडुंब भरून पाणी. भूजल वर चढतं, पाण्याची वाफ होते, मीठ मागं राहतं. निचऱ्यासाठी मीटरभर खोल सच्छिद्र पाइप गाडले तरी खालच्या रानातून ओढ्यापर्यंत वाट मिळाली नाही तर सगळा खर्च पाण्यात. यात बाई-पुरुष कुठं आलं?

पंचगंगाकाठ: ती वाट द्यायची की नाही हे खातेदारच ठरवतो ना! हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित रानात मुलाइतकाच हिस्सा मिळाला, तरी साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जातेच.

कासारी: तुम्ही दोघंही रान असलेल्यांचंच बोलताय. पाला ठेवायचा तर बुडख्यावरून बाजूला ओढून सरीत दाबायचा, बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाल्यावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट, 10 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून लगेच पाणी पाजायचं. बुडखे झाकलेले राहिले तर कोंब पिवळे पडतात, फुटवा मार खातो. कोरड्यात टाकलेले जिवाणू कामच करत नाहीत. एवढं नीट जमलं की तण दबतं, भांगलण कमी होते. म्हणजे हजेरी (रोजची मजुरी) बुडते ती भूमिहीन बाईची, आणि त्यात दलित बायका किती हे फडावर जाऊन बघा. मालकिणीचं नाव सातबाऱ्यावर चढून हिच्या चुलीला काय?

पंचगंगाकाठ: हे माझ्या मांडणीतून सुटलं होतं, मान्य. मग बुडखा छाटणी आणि पाला दाबणं ही कामं त्याच बायकांना द्या, पुरुषाच्या हजेरीनं. समान वेतनाचा कायदा 1976 मध्येच झाला होता.

सरीवरंबा: हजेरीवर माझी हरकत नाही. पण ती परवडायला उसाच्या बिलाचा हप्ता वेळेवर हवा. मी दरापाशीच येतोय.