केशरी शिधापत्रिका आहे, पण धान्य मिळत नाही

प्रश्न : आम्ही हडपसरला भाड्याने राहतो. घरात सासूबाई, मी आणि मुलगा असून माझ्या शिवणकामातून महिन्याला सुमारे साडेचार हजार रुपये येतात. केशरी शिधापत्रिका असूनही दुकानदार धान्य देत नाहीत. काय करावे?

उत्तर १ : ताई, केवळ रंगावर धान्य मिळत नाही. केशरी पत्रिका एक लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना मिळते. परंतु राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार ‘प्राधान्य कुटुंब’ (म्हणजे धान्याला पात्र कुटुंब) ठरण्यासाठी राज्यात शहरी भागाची मर्यादा ५९,००० रुपये आहे, ग्रामीण भागाची ४४,०००. आपले उत्पन्न त्यात बसते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सर्वांची आधारकार्डे जोडून परिमंडळ कार्यालयात (आपल्या भागाच्या शिधापत्रिका कार्यालयात) समावेशासाठी अर्ज करावा व पोच अवश्य घ्यावी.

उत्तर २ : वरील माहिती बरोबर आहे, मात्र पात्रता असली तरी इष्टांक (सरकारने ठरवून दिलेली लाभार्थींची कमाल संख्या) शिल्लक असेल तरच नाव चढते, हे कोणी आधी सांगत नाही. समावेश झाल्यावर दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते. सासूबाईंचेही ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) वेळेत करून घ्या. वयस्कर माणसांचे बोटांचे ठसे यंत्रावर अनेकदा उमटत नाहीत.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. दाखल्यासाठी सोमवारी अर्ज करते.