मार्कचा शेवट आणि पौलाचं पत्र
'येशूचं पुनरुत्थान, म्हणजे मेल्यावर पुन्हा जिवंत होणं, ही फार उशिरा रचलेली कथा, विषय संपला' असं तुम्ही म्हणता. मीही नास्तिकच, पण इतकी घाई नको. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या जीवनकथेचा) शेवट बघा. बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत तो १६:८ लाच (अध्याय १६, वचन ८) थांबतो. रिकामी कबर बघून बायका घाबरून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत, बस्स! येशूच्या दर्शनाची पुढची १२ वचनं तिथे नाहीतच. म्हणजे मागाहून भर पडली, हे खरं. (आजच्या बऱ्याच बायबलांत तशी तळटीप असते, त्यामुळे 'चर्चने लपवलं' हे काही पटत नाही.) पण सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल याचं करिंथकरांना (करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना) पहिलं पत्र साधारण इ.स. ५५ च्या आसपासचं, मार्कच्याही आधीचं समजलं जातं. दर्शनाचे दावे त्यात आहेतच. दावा जुना आहे. खरा आहे का, यावर बोलू.